डिस्क इमेजचे पुन्हा पुन्हा तुकडे का होतात: फाइलफ्रॅगचा उतारा आधी नीट वाचा, मग दुरुस्तीला लागा

दुखण्याचं लक्षण ठरलेलं होतं. पहाटे साडेपाचला व्हर्च्युअल मशीन बंद व्हायचं, त्याची डिस्क इमेज (मशीनची अख्खी डिस्क साठवणारी एकच मोठी फाइल) बॅकअपच्या डिस्कवर कॉपी व्हायची आणि सहाच्या आत मशीन पुन्हा चालू. सात वाजता सकाळची पाळी येते, त्यांना रात्री काही घडलं याचा पत्ताही नसायचा. मग तीन-चार आठवडे गेले की हीच कॉपी रेंगाळायला लागायची. आधी सव्वासहा, मग साडेसहा, आणि एके दिवशी सात वाजले तरी चालूच. सकाळच्या पाळीतल्या ताईंचा फोन यायचा, "लॉगिन होत नाहीये." मी घरून बघायचे तर मशीन बंदच, कारण कॉपी संपलेली नाही.

दर वेळी मी एकच उपाय करायचे. इमेज नव्या नावानं कॉपी करायची, जुनी उडवायची, नवीला जुनं नाव द्यायचं. दुसऱ्या दिवशी कॉपी वीस मिनिटांत पार. आणि महिन्याभरानं येरे माझ्या मागल्या. असं चार वेळा झाल्यावर ठरवलं की आता उपाय करण्याआधी निदान करायचं: ही फाइल डिस्कवर कुठे कुठे, किती तुकड्यांत पडली आहे याचा उतारा लिनक्सच्या फाइलफ्रॅग या कमांडनं काढायचा. त्यात जे हाती आलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही, आणि त्यावर मिळणारे बरेच सल्ले आकडा चुकीचा वाचून दिलेले असतात.

आमची मांडणी साधी आहे. होस्टवर, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर हे मशीन चालतं त्यावर, लिनक्स, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, त्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), आणि २०० जीबीची रॉ इमेज. ही इमेज सुरुवातीला ट्रंकेट कमांडनं बनवली होती, म्हणजे आकार २०० जीबी जाहीर केलेला पण आत एकही ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा ठरावीक मापाचा कप्पा) नाही. अशा फाइलला स्पार्स म्हणतात. तुमची मांडणी वेगळी असली तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

उतारा कुठून येतो

फाइल डिस्कवर कुठे आहे हे फाइलसिस्टिमलाच माहीत असतं, आणि ती माहिती ती नोंदींच्या रूपात ठेवते. जुन्या ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ मध्ये आयनोडात, म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीच्या नोंदीत, पहिल्या १२ ब्लॉकचे पत्ते थेट लिहिलेले असायचे. फाइल त्याहून मोठी झाली की पत्त्यांनीच भरलेला एक वेगळा ब्लॉक, मग अशा ब्लॉकांचे पत्ते ठेवणारा ब्लॉक, अशी उतरंड लागायची. १ जीबीच्या फाइलला ४ केबीचे २,६२,१४४ ब्लॉक लागतात, तर पत्तेही तेवढेच.

ईएक्सटी४ नं प्रत्येक ब्लॉकचा वेगळा पत्ता लिहिणं सोडलं. "या ब्लॉकपासून सलग इतके" अशी एकच नोंद करायची, तिला एक्स्टेंट म्हणतात. नोंद १२ बाइटची. आयनोडात अशा चार मावतात, पाचवी आली की नोंदींचं झाड तयार होतं. एका नोंदीत जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक लिहिता येतात, म्हणजे ४ केबीच्या हिशेबानं १२८ एमबी. हा १२८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातबारा हाताळलेल्या माणसाला हे पटकन उमगेल. शेत म्हणजे फाइल, गट म्हणजे एक्स्टेंट, आणि फाइलफ्रॅग ही कमांड म्हणजे उतारा काढून देणारी खिडकी. एकाच मालकाची जमीन एका गटात सलग असू शकते, नाहीतर गावभर बारा ठिकाणी विखुरलेली. मालकी दोन्हीकडे पूर्ण आहे, फरक पडतो तो नांगर घेऊन इकडून तिकडे जाण्यात.

हा उतारा मागायची सोय लिनक्समध्ये पूर्वी फिबमॅप नावाच्या कॉलनं होती. एका वेळी एकाच ब्लॉकचा पत्ता मिळायचा आणि त्यासाठी रूटचे अधिकार लागायचे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ कर्नलमध्ये फायमॅप आलं. ते एका फटक्यात एक्स्टेंटची अख्खी यादी देतं, आणि प्रत्येक नोंदीपुढे शेरेही देतं. आजचं फाइलफ्रॅग आधी फायमॅप विचारतं आणि ते नसेल तरच फिबमॅपकडे वळतं.

एक गोष्ट मात्र इथेच पक्की करून घ्या. उतारा फाइलसिस्टिम देते, जमिनीवर जाऊन कोणी मोजून येत नाही. त्यातला पत्ता हा त्या फाइलसिस्टिमच्या सुरुवातीपासूनचा असतो. अख्ख्या डिस्कवरचा पत्ता हवा असेल तर पार्टिशन कुठून सुरू होतं ते त्यात मिळवावं लागतं, मध्ये एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी करणारा थर) असेल तर आणखी एक फेरा. आणि एसएसडीमध्ये तर त्याच्याही खाली कंट्रोलरचा स्वतःचा नकाशा असतो, तो कोणत्या चिपवर काय ठेवतो हे फाइलसिस्टिमलाही कळत नाही. त्यामुळे एसएसडीवरच्या फाइलचे पन्नास तुकडे पाहून झोप उडवून घेऊ नका.

तीन ओळी जवळून बघू

फाइलफ्रॅगला व्ही हा पर्याय दिला की पूर्ण यादी मिळते. अशा यादीचं तोंड असं दिसतं. रकाने डावीकडून: अनुक्रम, फाइलमधली जागा, डिस्कवरची जागा, लांबी, आणि शेवटी "अपेक्षित" हा रकाना.

० : ०..३२७६७ : ३४८१६..६७५८३ : ३२७६८
१ : ३२७६८..६३४८७ : ६७५८४..९८३०३ : ३०७२०
२ : ६३४८८..९६२५५ : १००३५२..१३३११९ : ३२७६८ : ९८३०४

शून्य क्रमांकाची ओळ ६७,५८३ वर संपते आणि एक क्रमांकाची ६७,५८४ वर सुरू होते. म्हणजे ओळी दोन असल्या तरी जमीन सलगच आहे. एका नोंदीत ३२,७६८ पेक्षा जास्त मावत नाही एवढ्यासाठीच नवी ओळ आली. "अपेक्षित" रकाना म्हणून तर रिकामा आहे.

तिसऱ्या ओळीत तो भरलेला दिसतो. सलग असती तर ९८,३०४ वर सुरू झाली असती, पण ती सुरू झाली १,००,३५२ वर. मध्ये २,०४८ ब्लॉक सुटले, ८ एमबी. आता ९८,३०४ ला ३२,७६८ नं भागा, बरोबर ३ येतात. ईएक्सटी४ डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडते (हे ब्लॉक ग्रुप, वरच्या सातबाऱ्यातले गट नव्हेत), आणि शून्यापासून मोजलेल्या काही ठरावीक गटांच्या, १, ३, ५, ७, ९, २५, २७ अशांच्या, तोंडाशी सुपरब्लॉकची (फाइलसिस्टिमच्या मूळ माहितीची) राखीव प्रत आणि गटांचा तपशील ठेवते. तीन क्रमांकाच्या गटाच्या दारात ती प्रत बसली आहे, फाइल तिला वळसा घालून पुढे गेली. पहिली ओळही ३४,८१६ वर, म्हणजे एक क्रमांकाच्या गटाच्या सुरुवातीपासून तेवढेच २,०४८ सोडून सुरू झाली आहे. हा तुकडा पडला म्हणून कुठलंही डीफ्रॅग तो सांधू शकणार नाही, आणि सांधायची गरजही नाही.

म्हणून ओळी मोजू नका. फाइलफ्रॅग शेवटी "इतके एक्स्टेंट सापडले" असं जे सांगतं तो आकडा खऱ्या उड्यांचा असतो, आणि ओळींपेक्षा तो पुष्कळ कमी असू शकतो. २०० जीबीची फाइल जागच्या जागी सलग असली तरी यादी सोळाशे ओळींची होणारच.

घाबरवणारे पण निरुपद्रवी आकडे

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर फाइलफ्रॅग हजारो तुकडे दाखवतं. तिथे कॉम्प्रेस केलेला एक्स्टेंट जास्तीत जास्त १२८ केबीचा असतो, म्हणून १ जीबीच्या फाइलचे कमीत कमी ८,१९२. शिवाय फायमॅप लांबी सांगतं ती कॉम्प्रेस होण्याआधीची, डिस्कवर जागा लागलेली असते कमी, त्यामुळे पुढचा एक्स्टेंट शेजारी असला तरी "अपेक्षित" जागी तो सापडत नाही आणि उडी मोजली जाते. ओळीपुढे "एन्कोडेड" हा शेरा दिसला की समजून घ्या. अशा फाइलची खरी जागा बघायला कॉम्पसाइज हे साधन वापरा.

एक्सएफएस या तिसऱ्या फाइलसिस्टिमवर दुसरी गंमत. एक्सएफएस-बीमॅप ही कमांड ५१२ बाइटच्या एककात आकडे देते, फाइलफ्रॅग ४,०९६ च्या. एकाच फाइलचे दोन उतारे शेजारी ठेवले की सगळे आकडे आठपट वाटतात आणि माणूस गोंधळतो. स्टॅट कमांडमधले "ब्लॉक"ही ५१२ बाइटचेच असतात, ४ केबीच्या एका ब्लॉकची फाइल तिथे ८ दाखवते.

एक्सएफएस-डीबी जो "फ्रॅगमेंटेशन फॅक्टर" छापतं त्याच्याकडे तर दुर्लक्षच करा, हे मी अनुभवानं सांगते. तो टक्का एक्स्टेंटची प्रत्यक्ष संख्या आणि आदर्श संख्या यांतल्या फरकाला प्रत्यक्ष संख्येनं भागून काढतात. प्रत्येक फाइलचे सरासरी दोन तुकडे असले तर ५० टक्के, दहा असले तर ९० टक्के. मोठमोठ्या फाइलींचे दहा-दहा तुकडे ही अगदी सुदृढ अवस्था आहे, आणि तिथे ९० टक्के वाचून लोक रात्रभर डीफ्रॅग चालवतात.

आता "डीलॅलॉक" हा शेरा. तुम्ही नुकतीच लिहिलेली फाइल विचारलीत तर पत्त्याच्या जागी शून्य आणि पुढे "अननोन" आणि "डीलॅलॉक" दिसेल. फेरफाराचा अर्ज आलाय पण नोंद अजून मंजूर झालेली नाही, तशी ही स्थिती. डेटा मेमरीत आहे, त्याला जागा कुठे द्यायची हे फाइलसिस्टिम मुद्दाम लांबवते, कारण थोडं थांबलं की किती लागेल ते कळतं आणि सलग जागा देता येते. नेहमीच्या सेटिंगमध्ये डेटा साधारण ३० सेकंद जुना झाला की तो डिस्कवर जातो. फाइलफ्रॅगला एस हा पर्याय दिलात तर आधी फाइल डिस्कवर उतरवली जाते आणि मगच उतारा निघतो. निदान करताना तो नेहमी द्या.

हा शेरा साधा वाटतो, पण त्यानं एकदा जगभर त्रास दिलेला आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या कोअरयुटिल्स (लिनक्सच्या मूळ कमांडांचा संच) ८.१० मधली कॉपी करणारी सीपी कमांड स्पार्स फाइलीतल्या रिकाम्या जागा ओळखायला फायमॅपचा आधार घ्यायला लागली. नुकतंच लिहिलेलं आणि अजून डिस्कवर न गेलेलं जे होतं, ते काही फाइलसिस्टिमच्या उताऱ्यात दिसायचंच नाही. सीपीला वाटायचं तिथे काही नाही, आणि कॉपीत तिथे शून्यं यायची. पुढच्याच आवृत्तीत कॉपीआधी फाइल डिस्कवर उतरवण्याची तजवीज झाली, आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.० पासून सीपी फायमॅप सोडून "इथून पुढे डेटा कुठे आहे" असा सरळ प्रश्न विचारणारा सीक-होलचा रस्ता वापरते. उतारा हा विचारलेल्या क्षणाचा असतो आणि तो दाखवण्यासाठी असतो. त्याच्यावर विसंबून डेटा हलवू नये.

तुकड्याची सरासरी लांबी काढा

तुकडे किती हा प्रश्न अर्धवट आहे. तुकडा सरासरी केवढा हे विचारा. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात असं धरू. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरीच ८.३३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा अंदाज फार ताणलेला नाही. सलग वाचन सेकंदाला १५० एमबी धरलं तर त्या १० मिलिसेकंदांत दीड एमबी वाचून झालं असतं. तुकडे सरासरी १५ एमबीचे असतील तर दहा टक्के वेळ वाया जातो, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दीड एमबीचे असतील तर वेळ दुप्पट. त्याहून लहान असतील तर डिस्क वाचत कमी आणि धावत जास्त असते.

आमच्या इमेजचे त्या सकाळी ४,१०,००० च्या आसपास एक्स्टेंट होते आणि डीयू या कमांडनुसार फाइलनं घेतलेली प्रत्यक्ष जागा १६४ जीबी. भागाकार केला तर तुकडा ४०० केबीचा. वाचनाला अठरा मिनिटं, आणि धावपळीला ४,१०० सेकंद, म्हणजे अडुसष्ट मिनिटं. बेरीज जवळजवळ दीड तास. साडेपाचला सुरू झालेली कॉपी सातला संपते ती का, याचा हिशेब कागदावर पैन् पै जुळला तेव्हा मला खरा धीर आला. डिस्क मरायला टेकलेली नव्हती, केबल खराब नव्हती.

हा भागाकार तुम्हीही सगळ्यात आधी करा. वेळेचा हिशेब जुळला नाही, म्हणजे तुकडे मोठे असूनही वाचन संथ असेल, तर तुकड्यांच्या मागे लागू नका. डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) बघा, त्याच वेळी दुसरं कोण डिस्क वापरतंय ते बघा.

तुकडे होतात कशाने

स्पार्स इमेजच्या आत पाहुणं मशीन, म्हणजे होस्टवर चालणारं व्हर्च्युअल मशीन, कुठेही लिहितं. आज १० जीबीच्या ठिकाणी ६४ केबी, लगेच ९० जीबीच्या ठिकाणी ८ केबी. प्रत्येक वेळी होस्टला त्या क्षणी नवी जागा द्यावी लागते आणि मिळेल तिथे तो देतो. डिस्क ९४ टक्के भरलेली असेल, आणि आमची होती, तर सलग मोकळी जागाच उरलेली नसते. मोकळ्या जागेचे तुकडे किती आणि केवढे ते ई२फ्रीफ्रॅग कमांड सांगते. फाइलचा उतारा सगळे बघतात, मोकळ्या जमिनीचा कोणी बघत नाही, आणि पुढचे तुकडे तिथेच ठरत असतात.

मग उपाय उघड वाटला. जागा आधीच राखून ठेवायची. एफॲलोकेट कमांड २०० जीबीची फाइल शक्य तितकी सलग राखून देते. उताऱ्यात तिच्यापुढे "अनरिटन" असा शेरा येतो: जागा नावावर झाली, पेरणी अजून नाही. वाचलं तर शून्यं मिळतात. आधी जुन्या फाइली हलवून डिस्क ७० टक्क्यांवर आणली, एफॲलोकेटनं नवी फाइल बनवली, मशीन बंद करून सीपीनं जुनी इमेज तिच्यावर कॉपी केली, आणि समाधानानं घरी गेले.

चार आठवड्यांनी पुन्हा फोन.

पहिली चूक इथे होती, आणि ही बारीक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सीपी जेव्हा असलेल्या फाइलवर कॉपी करते तेव्हा ती आधी त्या फाइलची लांबी शून्य करते. राखून ठेवलेली सगळी जागा तिथेच मोकळी होते. वर स्रोत फाइल स्पार्स आहे हे ओळखून ती नवी फाइलही स्पार्सच बनवते. मी दोन मिनिटं थांबून डीयू पाहिलं असतं तर २०० ऐवजी १६४ दिसलं असतं आणि महिना वाचला असता.

बरोबर रीत अशी. एफॲलोकेटनं जागा राखा आणि डीडीनं कॉपी करा, त्यात "कॉन्व्ह" या पर्यायाला "नोट्रंक" हे मूल्य द्या, म्हणजे ती फाइल छाटत नाही, आहे त्या जागेवर लिहिते. ब्लॉकचा आकार १६ एमबीसारखा मोठा ठेवा. नाहीतर सीपीलाच स्पार्स हा पर्याय "नेव्हर" असा द्या, मग ती रिकाम्या जागीही शून्यं लिहून सगळी जागा ओळीनं भरते. दोन्ही चालतं. कॉपीनंतर सीएमपी कमांडनं दोन्ही फाइली जुळतात हे बघा आणि ते बघितल्याशिवाय जुनी फाइल उडवू नका. आमची यादी या वेळी सोळाशेहून जास्त ओळींची होती, पण सापडलेले एक्स्टेंट ११८. डीयू २०० जीबी. दुसऱ्या दिवशी कॉपी बावीस मिनिटांत झाली. पूर्वी अठरा लागायची, कारण पोकळ भाग वाचावाच लागत नव्हता. ही चार मिनिटं मी आनंदानं देते.

तरीही या वेळी मी रोज सकाळी डीयूचा आकडा वहीत लिहायला लागले. शुक्रवार २००. शनिवार २००. रविवार २००. सोमवार १४७.

फाइल कोणी हलवली नव्हती, जाहीर आकार सांगणारं एलएस अजूनही २०० जीबीच म्हणत होतं. रविवारी रात्री ते सोमवारी पहाटेच्या मध्ये त्रेपन्न जीबीची जमीन उताऱ्यातून गेली होती. सोमवार हाच धागा निघाला. पाहुण्या मशीनमधल्या लिनक्सवर सिस्टिमडीचा (लिनक्समधली कामं सुरू करणाऱ्या व्यवस्थेचा) एफएसट्रिम नावाचा टायमर असतो, तो आठवड्यातून एकदा, सोमवार सुरू होताना चालतो. मशीनच्या आत जी जागा मोकळी आहे ती "मला नको" असं तो खालच्या डिस्कला कळवतो. खरी एसएसडी असेल तर हे चांगलंच आहे. आमच्याकडे खालची डिस्क म्हणजे होस्टवरची फाइल, आणि त्या आभासी डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड "अनमॅप" असं होतं. म्हणून क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) तो निरोप मिळाला की होस्टवरच्या फाइलला त्या जागी भोक पाडायचं आणि ब्लॉक फाइलसिस्टिमला परत करायचं. परत गेलेली जागा दुसऱ्या फाइली घ्यायच्या. आठवडाभरात पाहुण्या मशीननं पुन्हा तिथे लिहिलं की नवी जागा भलतीकडे मिळायची. दर सोमवारी भोकं, आठवडाभर ठिगळं. चार सोमवारांत फोन.

उपाय एका शब्दाचा निघाला. लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीनची सेटिंग सांभाळणाऱ्या साधनाच्या) व्याख्येत त्या डिस्कचं डिस्कार्ड "इग्नोअर" केलं आणि मशीन पूर्ण बंद करून परत चालू केलं. नुसतं रीबूट पुरत नाही, क्यूईएमयूची प्रक्रिया नव्यानं सुरू व्हावी लागते. मग वरच्या रीतीनं फाइल पुन्हा एकदा सलग करून घेतली. टायमर बंद करायचा मोह होतो, पण तो पाहुण्या मशीनच्या हातात असतो आणि पुढच्या वेळी मशीन नव्यानं उभारलं की परत येतो. दार होस्टच्या बाजूनं लावलेलं बरं.

याची किंमत आहे, ती माहीत असू द्या. पाहुण्या मशीनमध्ये कितीही उडवलंत तरी होस्टवरची जागा आता परत मिळत नाही, २०० जीबी म्हणजे कायमचे २००. एकाच होस्टवर दहा-पंधरा इमेज असतील आणि जाहीर आकारांची बेरीज डिस्कपेक्षा मोठी असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तुम्ही अनमॅप चालू ठेवा, डिस्क ८० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि इमेज एसएसडीवर हलवा.

ज्यांची फाइलसिस्टिम वेगळी आहे त्यांच्यासाठी

बीटीआरएफएसवर जागा राखून उपयोग नाही, कारण तिथे प्रत्येक बदल नव्या जागी लिहिला जातो. इमेज ठेवायच्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडनं मोठा सी हा गुण लावा, त्यानंतर तिथे बनणाऱ्या फाइली जागच्या जागी लिहिल्या जातात. आधीच डेटा असलेल्या फाइलवर हा गुण लावायला जाऊ नका, लागत नाही. या फाइलींना चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखणारा आकडा) आणि कॉम्प्रेशन मिळत नाही हे मान्य करूनच हे करा. आणि रोज स्नॅपशॉट (फाइलसिस्टिमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेत असाल तर स्नॅपशॉटनंतरचं प्रत्येक ठिकाणचं पहिलं लिखाण तरीही नव्या जागीच जातं.

बीटीआरएफएसचं डीफ्रॅग चालवण्याआधी उताऱ्यात "शेअर्ड" हा शेरा आहे का ते बघा. तो असेल तर ती जमीन सामाईक आहे, स्नॅपशॉट आणि फाइल दोघांच्या नावावर. डीफ्रॅग फाइलची वेगळी प्रत करतं, सामाईकपणा मोडतो आणि डिस्क अचानक भरते. मोकळी जागा हाताशी नसताना हे करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एक्सएफएसवर एक्सएफएस-आयओच्या साहाय्यानं फोल्डरला एक्स्टसाइज, समजा १६ एमबी, असा इशारा देऊन ठेवा. तिथे नव्यानं बनणाऱ्या फाइलींना जागा त्या मापात मिळते. तसंच एक्सएफएसवर डीयू कधी कधी एलएसपेक्षा जास्त दाखवतं. वाढत्या फाइलसाठी ती पुढची जागा अंदाजानं धरून ठेवते आणि फाइल बंद झाल्यावर किंवा काही मिनिटांनी सोडून देते. ती गळती नव्हे.

ईएक्सटी४ वर ई४डीफ्रॅग आहे. त्याला सी हा पर्याय देऊन नुसता गुण विचारता येतो: ३० पर्यंत काही करू नका, ५५ पर्यंत किरकोळ, ५६ पासून पुढे उपाय करा. त्याला सलग मोकळी जागा लागते, भरलेल्या डिस्कवर ते हात टेकतं.

आणि हायबरनेशनसाठी, म्हणजे मेमरीतलं सगळं स्वॅप फाइलमध्ये ठेवून मशीन झोपवण्यासाठी, त्या फाइलचा पत्ता काढणाऱ्यांनी एक जपावं. ईएक्सटी४ वर फाइलफ्रॅगच्या पहिल्या ओळीतला डिस्कवरचा पत्ता रिझ्यूम ऑफसेट (जागं होताना कुठून वाचायचं तो आकडा) म्हणून चालतो. बीटीआरएफएसवर चालत नाही, कारण तिथे फायमॅप जो पत्ता देतं तो बीटीआरएफएसच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यांमधला असतो, डिव्हाइसवरचा नव्हे. तिथे बीटीआरएफएसच्या इन्स्पेक्ट-इंटर्नलमधली मॅप-स्वॅपफाइल ही उपकमांड आर पर्यायासह वापरा. चुकीचा पत्ता दिला तर झोपवलेलं मशीन जागं होताना आपला आधीचा डाव विसरून कोरं सुरू होतं.

आमच्याकडे आता दर मंगळवारी सकाळी एक छोटी स्क्रिप्ट तीन आकडे एका फाइलमध्ये लिहिते: एलएसचा आकार, डीयूची जागा आणि फाइलफ्रॅगचे सापडलेले एक्स्टेंट. मंगळवार अशासाठी, की सोमवारी काही झालंच तर ते लगेच दिसावं. पहिले दोन आकडे सारखे आहेत तोवर फाइलला भोकं पडलेली नाहीत, आणि तिसरा अजून ११८ वरच आहे.